माळ्यावरच्या तंबोऱ्याचे मोल

इंग्लंडात बीबीसीने १९७९ साली 'अँटिक्स रोडशो' हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर सुरू केला आणि १९९७ पासून अमेरिकेतील सार्वजनिक वाहिनीनेही त्याच नावाने व त्याच धर्तीवर आपला कार्यक्रम चालविला. एखाद्या सभागृहात किंवा जुन्या वाड्याच्या पटांगणात लोक आपापल्या घरची गिटार, घड्याळ, तसबीर, तलवार अथवा चिनी मातीचे भांडे घेऊन रांगेने उभे राहतात. जाणकार मनुष्य ती वस्तू हाती घेऊन उलटसुलट न्याहाळतो, ती कोठून आली, कोणी वापरली याची विचारपूस करतो आणि सरतेशेवटी एक आकडा उच्चारतो. तो ऐकताच मालकाच्या मुद्रेवर जे आश्चर्य उमटते, तोच पाहणाराच्या दृष्टीने त्या कार्यक्रमाचा कळस असतो. या कार्यक्रमांचे तुकडे आता मोबाइलवर सोलापूरच्या घराघरांतून पाहिले जातात, आणि त्याचा परिणाम असा झाला आहे की, माळ्यावर गवसणीत गुंडाळून ठेवलेला आजोबांचा तंबोरा, पलंगाखाली सरकवलेली पायपेटी, जुन्या रेकॉर्डींनी भरलेली पत्र्याची ट्रंक यांच्याकडे कधी ढुंकूनही न पाहणारी तरुण मंडळी एकाएकी विचारू लागली आहेत, की याचे किती येतील?

हा प्रश्न मुळीच गैर नाही. वडिलार्जित वस्तू ही मिळकतीचाच भाग आहे आणि तिचे मूल्य जाणून घेण्याचा वारसांना पूर्ण अधिकार आहे. परंतु क्रमाने हा प्रश्न अगदी शेवटचा आहे. वस्तू कोणी घडविली, केव्हा घडविली, कोणाच्या वापरात होती आणि तिच्यात मागाहून काय बदल झाले, या चार गोष्टींची खातरजमा होण्यापूर्वी सांगितलेली कोणतीही किंमत म्हणजे केवळ अंदाज असतो. आणि ही खातरजमा घरच्या माणसांइतकी दुसऱ्या कोणालाही करता येत नाही, कारण तिचा निम्माअधिक पुरावा घरातच, जुन्या दफ्तरांत आणि वृद्ध माणसांच्या स्मरणात, पडलेला असतो. वस्तू बाजारात नेण्याआधी ती ओळखून घ्यावी, एवढे एकच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम पडद्यावरच्या त्या आकड्याविषयी. एकाच वस्तूला एकाच दिवशी तीन निरनिराळ्या किमती असू शकतात आणि तिन्ही खऱ्या असतात. वस्तू जळाली वा चोरीस गेली तर तशीच दुसरी दुकानातून आणावयास जो खर्च येईल, ती विम्याची किंमत, आणि तीच बहुधा सर्वांत मोठी असते. लिलावात दोन इच्छुकांच्या चढाओढीत जी बोली निघेल ती लिलावाची किंमत; तीतून लिलावगृहाची दलाली वजा जाता उरेल ते मालकाचे. आणि व्यापारी रोख पैसे मोजून जी देतो, ती त्याचे भाडे, त्याचा नफा व माल अंगावर पडण्याचा धोका जमेस धरून ठरविलेली, अर्थात सर्वांत लहान असते. कार्यक्रमात कोणता जाणकार कोणत्या किमतीविषयी बोलत आहे, हे लक्ष देऊन ऐकणारास कळते; परंतु मनात राहतो तो आकडा, आणि विम्याची किंमत ऐकून आलेला मनुष्य व्यापाऱ्याच्या उंबरठ्यावर उगाचच फसवला गेल्यासारखा दुःखी होतो. म्हणून मूल्यांकन करणारास पहिला प्रश्न हाच विचारावा, की आपण सांगता ती किंमत कोणत्या कामासाठी आहे?

दुसरे असे की, जाणकारही चुकतात, आणि त्यात त्यांची अप्रतिष्ठा नाही. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतील कार्यक्रमात वेडेवाकडे चेहरे कोरलेले मातीचे एक भांडे आले. परीक्षकाने ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे ठरवून त्याचे मूल्य तीस ते पन्नास हजार डॉलर सांगितले. प्रक्षेपणानंतर एका प्रेक्षकाने ते ओळखले आणि उघडकीस आले की, एका शाळकरी मुलीने १९७० च्या दशकात आपल्या शाळेच्या वर्गात ते घडविले होते. मूल्य तीन ते पाच हजारांवर उतरले आणि कार्यक्रमाने ही दुरुस्ती जाहीरपणे केली. भांडे तेच, कारागिरी तीच. बदलली ती केवळ त्याच्या उगमाची माहिती.

याहून गंभीर प्रकरण त्याच कार्यक्रमाच्या आरंभीच्या वर्षांतले आहे. जुन्या शस्त्रास्त्रांचे दोघे परीक्षक पडद्यावर मिळालेल्या प्रतिष्ठेचा उपयोग करून अमेरिकन यादवी युद्धातील सेनानींच्या वंशजांकडे जात, वस्तूंचे मूल्य मुद्दाम कमी सांगत आणि स्वतःच त्या विकत घेत. एका घराण्याकडून सुमारे ८७ हजार डॉलरांस घेतलेल्या वस्तू त्यांनी सुमारे ८ लाख ८० हजारांस पुढे विकल्या. पुढे खटला होऊन त्यांनी गुन्हा कबूल केला. या प्रकरणापासून आपल्या गावातील कोणाही गृहस्थाने एक नियम गाठीशी बांधून ठेवावा: जो किंमत सांगतो त्याला ती वस्तू विकू नये, आणि जो विकत घेऊ इच्छितो त्याच्या तोंडची किंमत मूल्यांकन म्हणून मानू नये. मूल्यांकनाबद्दल ठरावीक मोबदला द्यावा. वस्तूच्या किमतीवर शेकडेवारीने मेहनताना मागणाऱ्याचे हितसंबंध आकड्यात गुंतलेले असतात. आणि मत लेखी घ्यावे, त्यात वस्तूचे वर्णन, मापे, छायाचित्र, तारीख, किमतीचा प्रकार आणि निष्कर्षाचा आधार हा सर्व तपशील असावा.

या कार्यक्रमांत जुन्या गिटारींना जे स्थान मिळाले आहे, ते समजून घेण्याजोगे आहे, कारण वाद्याच्या मूल्याचे सारे नियम तेथे स्पष्ट दिसतात. मार्टिन, गिब्सन, फेंडर हे तेथील गिटारींचे कारखाने. त्यांच्या वाद्यांवर अनुक्रमांक असतात, त्यावरून साल काढता येते. मूळचे रोगण, मूळच्या खुंट्या, मूळची पेटी शाबूत असेल तर किंमत चढते आणि कोणी हौसेने वाद्य घासून नव्याने रंगविले असेल तर ती निम्म्यावर येते, असा त्या व्यापारातला सर्वसाधारण ठोकताळा आहे. आता याच नियमाच्या विरुद्ध वाटणारे एक उदाहरण पाहा. 'पिंक फ्लॉइड'चा वादक डेव्हिड गिलमूर याने १९७० साली न्यूयॉर्कमध्ये एक काळी फेंडर गिटार घेतली. कारखान्यात शेकड्यांनी तयार होणाऱ्या गिटारींपैकीच ती एक होती. तिची मान त्याने अनेकदा बदलली, दर्शनी पट्टी बदलली, लाकडास भोके पाडली, आणि तरीही जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. नियमाप्रमाणे ज्या फेरफारांनी ती निरुपयोगी ठरावयाची, तेच येथे तिच्या ओळखीच्या खुणा झाले. कारण कोणता बदल कधी झाला आणि त्या काळात ती कोणत्या गाण्यांत वाजली, याची छायाचित्रांनिशी रुजवात करता येत होती. पुरावा नसता तर ती दुरुस्त्यांनी बिघडलेली एक जुनी गिटार एवढीच राहती.

आमच्या भागात गिटारीचे स्थान तंबोऱ्याला, सतारीला, वीणेला आणि पेटीला आहे. सोलापूरच्या वाचकाने विशेष जिव्हाळ्याने लक्षात घ्यावी अशी गोष्ट ही की, मिरजेचा जो तंबोरा साऱ्या देशातील गायकांच्या मागे उभा राहिला, त्याचा भोपळा बहुतांशी आपल्याच जिल्ह्याच्या मातीतला, पंढरपूर आणि बेगमपूरच्या बाजूचा, भीमेच्या काठचा असतो. खाण्याच्या भोपळ्याहून हा निराळा, कडू आणि जाड सालीचा. वेलावरच मोठा होऊ देऊन, वाळवून, आतील गीर व बिया काढून तो मिरजेस जातो. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांना धार व झिलई करणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्ये घडविण्यास प्रारंभ केला आणि पुढे त्यांच्या घराण्यात व शिष्यवर्गात सतारमेकरांची एक पेठच उभी राहिली. संगीतरत्न अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य १९३७ साली त्यांचे निधन होईपर्यंत मिरजेत होते, आणि ते स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत निष्णात होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले; ते नव्या मालाच्या रक्षणासाठी आहे, जुन्या तंबोऱ्याची किंमत त्याने आपोआप वाढत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

असा तंबोरा घरात असेल तर तो कसा पाहावा? प्रथम तो धुऊ-पुसू नये. जसा आहे तसा, सर्व बाजूंनी, दिवसाच्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत. मग भोपळ्यापासून आरंभ करावा. बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारीत गेले असता अखंड भोपळा सर्वत्र सारखा वाजतो आणि जेथे तडा गेला आहे किंवा आतून कापड व सरस लावून सांधला आहे तेथे आवाज बद्द होतो. भोपळ्याच्या वरच्या अंगाला लाकडात कोरलेली पाने असतात, त्यांच्या कडा पाहाव्यात. हाताने कोरलेल्या जुन्या पानांत एकाची शीर दुसऱ्याच्या शिरेशी तंतोतंत जुळत नाही. तबली, म्हणजे भोपळ्याचे तोंड झाकणारी किंचित फुगीर लाकडी फळी, घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाली दबली आहे का, हे डोळा तिच्या पातळीवर आणून पाहावे, कारण तारांच्या ताणाने वर्षानुवर्षांत ती खचते आणि खचलेली तबली वाजण्याच्या दृष्टीने मोठा दोष आहे. दांडी सरळ आहे का, खुंट्या एकाच हाताच्या आहेत का, की एखादी मागाहून बसविलेली आहे, हे पाहावे. दांडीच्या मागील बाजूस किंवा पाट्याजवळ कारखानदाराच्या नावाचा छाप, पितळी पट्टी अथवा कागदी चिठ्ठी असते; ती अर्धवट निघालेली असली तरी ओढून काढू नये.

आता गिटारीचा तो नियम तंबोऱ्यास जशाचा तसा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तंबोऱ्याच्या तारा बदलाव्याच लागतात आणि घोडी घासून तिच्यावर जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, वारंवार काढावी लागते; घासून घासून झिजलेली घोडी बदलली म्हणून वाद्य दूषित झाले असे कोणताही जाणकार म्हणणार नाही. भोपळा ही मूळचीच नाशवंत वस्तू आहे. तो फुटल्यावर मिरजेच्या कारागिराने सांधणे, प्रसंगी बदलणे, ही या वाद्याच्या जीवनक्रमातलीच गोष्ट आहे. परंतु वाजण्यासाठी केलेली दुरुस्ती वेगळी आणि दिसण्यासाठी केलेली उजळणी वेगळी. जुनी लाखेची झिलई खरवडून त्यावर बाजारातले चकचकीत रोगण चढविणे, झिजलेले नक्षीकाम काढून प्लास्टिकची नवी पट्टी बसविणे, जुन्या खुंट्या फेकून देणे, हे करू नये. दुरुस्ती केलीच तर काढलेला प्रत्येक तुकडा, मग ती फुटकी घोडी का असेना, पिशवीत घालून वाद्याबरोबर ठेवावा आणि कोणत्या कारागिराने काय केले याची पावती जपावी.

पेटीविषयी थोडक्यात. नाटक कंपन्यांच्या काळातील चांगल्या पेट्यांचे सूर फ्रान्स व जर्मनीतून येत, आणि 'पॅरिस रीड', 'जर्मन रीड' हे शब्द आजही विकणाऱ्याच्या तोंडी असतात. पुढे गुजरातेतील पालिताण्याचे सूर सर्रास वापरात आले. पेटीवर जुने नाव आहे एवढ्यावरून आतले सूर जुने आहेत असे सिद्ध होत नाही. झाकण उघडून, शक्य तर कारागिराकडून, सुरांच्या पट्ट्या एकाच धातूच्या, एकाच घडणीच्या व एकाच ठशाच्या आहेत काय हे पाहून घ्यावे. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली आणि ती पुढे तीस वर्षांहून अधिक काळ राहिली, तरी कीर्तनांतून, भजनी मंडळांतून आणि नाट्यसंगीताच्या बैठकींतून तिची वहिवाट कधी थांबली नाही. त्यामुळे पेट्या पुष्कळ शिल्लक आहेत आणि सामान्य पेटीला फार मोठी किंमत येईल अशी आशा धरू नये.

ग्रामोफोनच्या रेकॉर्डींचे तसे नाही. भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यास, गौहरजानसारख्या गायिकांच्या गायनाने झाला, आणि त्यानंतरच्या काही दशकांत निघालेल्या हजारो रेकॉर्डींपैकी कित्येकांच्या मोजक्याच प्रती आज उरल्या आहेत. येथे कलावंताच्या प्रसिद्धीपेक्षा दुर्मिळता आणि अवस्था महत्त्वाची; अतिशय गाजलेल्या नाट्यपदाची रेकॉर्ड घरोघरी असल्यामुळे स्वस्त असते, आणि ज्याचे नावही आज कोणास ठाऊक नाही अशा एखाद्या कानडी अथवा तेलुगू गायिकेची रेकॉर्ड संग्राहक शोधत फिरत असतो. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांतील रेकॉर्डी घरांतून निघतात. ज्या आपल्याला वाचता येत नाहीत त्या निरुपयोगी समजून टाकू नयेत. लेबलावरील क्रमांक आणि लेबलाबाहेर काळ्या भागावर कोरलेला बारीक क्रमांक, हे दोन्ही उतरून त्यांची यादी करावी. 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था १९९० पासून या विषयास वाहिलेली आहे. एक सूचना काळजीपूर्वक पाळावी: या जुन्या तबकड्यांत लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते; म्हणून त्या स्पिरिटने वा मद्यार्कमिश्रित द्रवाने कधीही पुसू नयेत, किंचित ओलसर मऊ फडके पुरे. त्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. आणि चैत्र-वैशाखात चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली तर मुळीच ठेवू नयेत, कारण उष्णतेने त्या वाकतात. पितळी कर्णा आणि अष्टकोनी पेटी असलेले जे चकचकीत ग्रामोफोन आज दुकानांतून जुने म्हणून विकले जातात, त्यांतील बहुतेक गेल्या काही दशकांत निरनिराळ्या भागांची जोडाजोड करून तयार झालेले असतात. साधी, काळ्या कापडाने मढवलेली, हातात धरून नेण्याजोगी जुनी पेटी दिसायला सामान्य असते, परंतु खरी असण्याचा संभव तिचाच अधिक.

मात्र सोलापूरच्या घरांतील सर्वांत मोलाची वस्तू वाद्य नसून कागद असण्याचा पुष्कळ संभव आहे. ६ एप्रिल १९३० रोजी येथील नगरपालिकेवर राष्ट्रध्वज चढला, मे महिन्यात शहरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन व श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्यास फाशी गेले. त्या काळची हस्तपत्रके, हुकूमनामे, तुरुंगातून आलेली कार्डे, सभांची छायाचित्रे, तसेच १८७७ साली निघालेल्या जुन्या गिरणीपासून पुढे एकेक करून बंद पडलेल्या गिरण्यांचे बिल्ले, हजेरीपत्रके आणि कापडाच्या ताग्यावर चिकटविण्याची रंगीत लेबले, ही सर्व रद्दीच्या भावाने गेली आहेत व जात आहेत. मोडी लिपीतील दस्तऐवज वाचता येत नाहीत म्हणून जाळणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्याचे दुःख आजही ओसरलेले नाही. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशाच कागदांसाठी उभे आहे. मोडी वाचणारा मनुष्य गाठून निदान मजकूर कशाविषयी आहे एवढे तरी समजून घ्यावे, मग ठेवावयाचे की द्यावयाचे ते ठरवावे.

यापुढचा भाग कायद्याचा आहे आणि तो वगळून चालणार नाही. पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ चा आहे आणि तो १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार कला, कारागिरी वा गतकाळातील जीवन यांची निदर्शक अशी शंभर वर्षे जुनी वस्तू, आणि ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाचे पंच्याहत्तर वर्षे जुने हस्तलिखित, लेख अथवा दस्तऐवज, ही पुराणवस्तू होय. म्हणजे १९३० सालची ती हस्तपत्रकेही या व्याख्येत येऊ शकतात. अशी वस्तू घरात बाळगणे हा अपराध नाही. परंतु शिल्पे, चित्रे, सचित्र पोथ्या अशा ठरावीक वर्गांतील वस्तूंची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते, पुराणवस्तूंचा व्यापार करणारास परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीस त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. पणजोबांचा तंबोरा अमेरिकेतल्या नातीकडे पाठवावयाचा असेल तर हे आधी लक्षात घ्यावे. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असल्यास ती पुराणवस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून मिळतो. तो घेतल्यावाचून सामानात घालू नये, कारण विमानतळावर अडवल्यावर केलेल्या खुलाशाचा उपयोग होत नाही.

जुन्या वाद्यावर हस्तिदंताचे जडावकाम असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आडवा येतो. हस्तिदंताची खरेदी-विक्री या देशात बंद आहे आणि सांबरशिंगाच्या घोडीसारख्या प्राणिज वस्तूंच्या विक्रीवरही निर्बंध आहेत. पांढरी दिसणारी प्रत्येक पट्टी हस्तिदंताची नसते, पुष्कळदा ती सेल्युलॉइडची असते. परंतु पाहण्यासाठी तापलेली सुई टोचण्याचा जो उपाय काही लोक सांगतात तो कधीही करू नये, सेल्युलॉइड भडकन पेट घेते. आणि शेतात अथवा जुन्या घराच्या पायात काही सापडले तर १८७८ च्या भूमिगत निधीच्या कायद्याप्रमाणे, दहा रुपयांहून अधिक मोलाचा गुप्त ठेवा जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. परस्पर वाटणी करून सोनाराकडे वितळविलेल्या नाण्यांनी कोणाचेही भले झालेले नाही, आणि इतिहासाचे तर कायमचे नुकसान झाले आहे.

नाण्यांवरून आठवले म्हणून सांगतो. विशिष्ट क्रमांकाची नोट किंवा अमुक चित्राचे पाच रुपयांचे नाणे लाखो रुपयांस घेऊ, असे सांगून आधी 'नोंदणी शुल्क' मागणारे भामटे आता गावोगावच्या लोकांना मोबाइलवरून गाठतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितले आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा कोणत्याही व्यवहारात ती नाही आणि त्यासाठी ती कसलेही शुल्क अथवा दलाली मागत नाही. विकत घेणारा विकणाऱ्याकडे आधी पैसे मागू लागला, की बोलणे तेथेच थांबवावे. शिवराईसारख्या नाण्यांच्या नकलाही पुष्कळ निघाल्या आहेत. नाशिकजवळ अंजनेरीस नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली स्वतंत्र संस्था आहे, तेथील अभ्यासकांचे मत कोणाही दुकानदाराच्या मतापेक्षा विश्वसनीय.

विकणे हा एकच मार्ग आहे असेही समजू नये. दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे, वाद्ये अशा नित्याच्या वापरातल्या वस्तू जमविल्या आणि अकाली गेलेल्या राजा नावाच्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ पुण्याचे संग्रहालय उभे करून ते महाराष्ट्र शासनास अर्पण केले. त्यांतील बहुतेक वस्तू बाजाराच्या तराजूत क्षुल्लक होत्या. आपल्याच जिल्ह्यात अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रागार पाहिले म्हणजे एका ठिकाणी व एका क्रमाने ठेवलेल्या वस्तूंना कसे निराळेच तेज येते ते समजते. संग्रहालयास वस्तू देताना मात्र ती स्वीकारल्याचा लेखी दाखला आणि दात्याच्या नावाची नोंद आग्रहाने मागावी. तंबोरा चांगल्या स्थितीत असेल आणि घरात गाणारे कोणी नसेल, तर तो एखाद्या शिकणाऱ्या मुलीच्या हाती जाणे हे, माझ्या मते, काचेच्या कपाटात जाण्याहूनही श्रेयस्कर आहे. तंबोरा वाजत राहिला की त्याची निगा आपोआप राखली जाते.

ज्यांना वस्तू घरीच ठेवावयाची आहे त्यांनी तंबोऱ्याच्या तारा किंचित सैल कराव्यात, तो सुती गवसणीत घालून बाहेरच्या भिंतीपासून दूर, उन्हाची तिरीप पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावा आणि कीड लागली आहे काय हे पावसाळ्याआधी व नंतर पाहावे. भोपळ्याखाली पिठासारखी बारीक भुकटी पडलेली दिसली तर कीड आहे असे समजावे आणि विलंब न लावता कारागिरास दाखवावे. सोलापुराहून कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गे मिरजेस थेट लोहमार्ग आहे. वाद्य नेणे शक्य नसेल तर आधी छायाचित्रे पाठवून विचारावे, आणि एकाच कारागिराच्या मतावर न थांबता दोघातिघांची मते घ्यावीत.

सर्वांत निकडीचे काम मात्र याहून सोपे आहे, आणि त्यास एक पैसाही लागत नाही. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपुढे ती वस्तू ठेवावी आणि ती कोणी, कोठून, केव्हा आणली, कोणाकडे गाणे शिकताना वापरली, कोणत्या बैठकीत वाजली, कोणी दुरुस्त केली, हे विचारून त्यांची जबानी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी किंवा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदवावी. एखाद्या थोर गायकाने हाच तंबोरा घेतला होता असे घरात सांगत असतील, तर त्याला पत्र, पावती वा छायाचित्राचा आधार आहे का हे शोधावे, आणि नसल्यास तसे स्पष्ट लिहावे, कारण एक अतिशयोक्ती सापडली की बाकीच्या खऱ्या मजकुरावरचाही विश्वास उडतो. खाली तारीख घालून सही घ्यावी, त्या कागदाची एक प्रत वस्तूबरोबर आणि एक घरच्या दस्तऐवजांत ठेवावी. वाचकहो, किंमत सांगणारा मनुष्य पुढच्या वर्षीही भेटेल. ही जबानी देणारी आजी पुढच्या वर्षी असेलच असे नाही, म्हणून हे काम येत्या रविवारीच उरकावे, अशी आपणांस आग्रहाची विनंती आहे.